वंदनाताईची रिकामी चौकट

वंदनाताई भोईर सकाळी वाक्य सुरू करायची आणि दुपारी डबा उघडताना ते संपवायची. तुम्हाला वाटेल मी चेष्टा करतेय. नाही हो, शप्पथ! सकाळी कॉम्प्युटर चालू करता करता म्हणायची, "शैला, त्या कोपऱ्यातल्या गाळ्यातला रॅक आहे ना..." आणि गप्प. मी आपली मान वळवून बसलेली. चहा यायचा, तिच्या कपावर साय धरायची, मागच्या गल्लीतले कापडाचे लूम खटखट करत राहायचे आणि बाई खिडकीच्या धुळकट काचेवर बोटाने चौकोन काढत बसलेली. मग दुपारी सुक्या जवळ्याच्या वासाबरोबर उरलेलं वाक्य बाहेर पडायचं, "...तो उलटा लागलाय गं. सरळ करू." मधल्या वेळात ती कुठे जाऊन यायची ते तिचं तिलाच ठाऊक.

मी पडले घड्याळाची बाई. सुरुवातीला मी तिच्यावर इतकी चिडायचे की घरी जाऊन भांडी आपटायचे. आणि ती? ती माझ्यावर कधी चिडलीच नाही. चिडायला आधी समोरचं माणूस पूर्ण दिसावं लागतं, आणि वंदनाताईला मी बहुधा धुक्यातूनच दिसत असणार.

आमचं ऑफिस अंजूरफाट्याजवळ, टायरच्या दुकानावर पहिल्या मजल्यावर होतं. दोन हजार सालानंतरची ती वर्षं. काल्हेर, मानकोली, जिकडे बघाल तिकडे भाताच्या शेतांवर गोडाऊनं उभी राहत होती. आमचे मालक दिनेशभाई आधी गोडाऊनं भाड्याने लावून द्यायचे. मग त्यांच्या डोक्यात आलं की गोडाऊनमधला कुठला माल कुठे ठेवलाय हे कॉम्प्युटरवर चित्रात दिसायला हवं. म्हणजे कसं, पडद्यावर एक गोडाऊन. त्यावर टिचकी मारली की ते उघडणार, आत गाळे. गाळा उघडला की रॅक, रॅकमध्ये खण, खणात खोके. एकाच्या आत एक, एकाच्या आत एक.

चित्रं काढायला आम्ही एका परदेशी कंपनीची लायब्ररी वापरायचो. लायब्ररी म्हणजे पुस्तकांची नव्हे. चौकोन, गोल, रेघा काढून देणारा तयार प्रोग्रामांचा गठ्ठा. पण आतून आत उघडत जाणारे शेप त्या गठ्ठ्यात नव्हते. ते वंदनाताईने स्वतः घडवले होते. बाहेरच्या शेपला ती आई म्हणायची, आतल्याला पोर. आणि सगळ्यात बाहेरचा, ज्याला आई नाही असा जो शेप, त्याचं नाव तिने प्रोग्राममध्ये चक्क 'गावदेवी' ठेवलं होतं.

"वंदनाबेन, क्लायंट ने देख लिया तो?" दिनेशभाई घाबरून म्हणाले.

"देखेगा तो नमस्कार करेगा," वंदनाताई म्हणाली आणि पुन्हा खिडकीबाहेर बघायला लागली.

ती काल्हेरच्या अलीकडच्या एका गावातली, आगरी घरातली. तिच्या गावात म्हणे जागा सांगायची एकच रीत. गावदेवीच्या मागे, केण्यांच्या वाडीच्या आत, विहिरीच्या अंगाला. आधी देवी, मग वाडी, मग घर. नुसतं "तिकडे आहे" असं कुणी सांगितलं तर तिला कळायचंच नाही. ऑफिसात कशाचीही जागा सांगा, तिचा प्रश्न ठरलेला, "कुणाच्या पोटात?" कात्री सापडत नाही म्हटलं तरी, "शेवटची कुणाच्या पोटात होती?" मला हसू यायचं. पण खरं सांगते, कात्री सापडायची.

मग एक दिवस दिनेशभाईंनी फर्मान काढलं. ती परदेशी लायब्ररी आता बंद होणार, जुनी चित्रं उघडायचीसुद्धा नाहीत, सगळे शेप नव्या लायब्ररीत न्यायचे. मी कामाला लागले. नेण्याचा प्रोग्राम लिहिला, चालवला, ऐटीत सगळ्यांना बोलावलं आणि बघते तर काय! गोडाऊन जागच्या जागी, पण आतून रिकामं. गाळे, रॅक, खण, खोके सगळे पडद्याच्या डाव्या वरच्या कोपऱ्यात एकावर एक ढीग होऊन पडलेले. त्या कोपऱ्यात आमच्या चित्रात रस्ता होता.

"अरे बापरे, पूरा माल रोड पे!" दिनेशभाईंनी डोक्याला हात लावला.

माझ्या तोंडून काय निघालं ते इथे लिहिण्यासारखं नाही. वंदनाताई मात्र हनुवटीखाली हात घेऊन त्या ढिगाकडे लाडाने बघत होती. "बघ ना शैला, सगळी पोरं आईचं बोट सोडून वेशीवर येऊन बसलीत."

झालं असं होतं की जुन्या लायब्ररीत प्रत्येक पोर आपली जागा आईच्या कोपऱ्यापासून मोजायचं. खोका खणापासून, खण रॅकपासून. नवी लायब्ररी सगळ्यांना एकाच कोपऱ्यापासून मोजायची, कागदाच्या. तिच्या लेखी कुणी कुणाच्या पोटात नव्हतंच. तेव्हा प्रत्येक पोराला विचारायचं, बाबा, तुझी आई कोण, ती कुठे, तिची आई कुठे, असं करत करत गावदेवीपर्यंत जायचं, आणि सगळ्यांच्या जागा मिळवून त्याला घरी पोचवायचं. प्रोग्राम हे झटक्यात करतो. वंदनाताईने तो केलाही. पण नंतर ती एकेक गोडाऊन उघडून, एकेका खणात डोकावून बघायची की पोर खरंच पोचलं ना. मी म्हणायचे, "ताई, दोन-चार बघितले की पुरे." ती हो म्हणायची आणि पुढचा खण उघडायची.

याच दिवसांत एकदा दुपारी तिला फोन आला. काल्हेरच्या एका गोडाऊनचा वॉचमन बोलत होता. एक म्हातारे बाबा कंपाउंडमध्ये फिरताहेत, खिशातल्या चिठ्ठीवर हा नंबर आहे. वंदनाताई उठली ती चप्पल न घालताच. मी तिच्या चपला हातात घेऊन मागे धावले आणि तिच्याबरोबर रिक्षात बसले.

तिचे वडील, त्यांना सगळे दादा म्हणायचे, वॉचमनच्या खुर्चीवर ऐटीत बसले होते. मांडीवर पिशवी, पिशवीत नारळ.

"राखण द्याची हाय," ते मला म्हणाले, मी वर्षानुवर्षं ओळखीची असल्यासारखं. "जागा गावत न्हाय."

आमच्या शहरातल्या लोकांना हे ठाऊक नसतं म्हणून सांगते. शेताला एक राखणदार असतो. दिसत नाही, पण असतो. बांधावर त्याचा एक दगड असतो, आणि वर्षातून एकदा तिथे नारळ ठेवून त्याची राखण द्यायची, म्हणजे तो शेताचं, घराचं, पोराबाळांचं राखतो. दादांची जमीन विकली गेली, त्यावर गोडाऊन आलं, दगड भरावात गेला. तरी ते दरवर्षी अंदाजाने नारळ वाढवत आले होते. आता त्यांचा अंदाजच जायला लागला होता. राखण चुकली तर घरावर कोण बघणार, या काळजीने ते पहाटेपासून गोडाऊनांच्या गल्ल्यांतून फिरत होते.

परत येताना रिक्षात ते वंदनाताईला म्हणाले, "आक्का, तुला तरी आठवतं का गो?"

आक्का म्हणजे त्यांची बहीण. ती जाऊन कैक वर्षं झालेली. मला वाटलं, ही आता सांगेल, दादा, मी वंदना. पण ती म्हणाली, "आठवल रं भावा. मी शोधते."

त्यांना घरी सोडून आम्ही रस्त्यावर आलो तेव्हा ती थांबली. म्हणाली, "शैला, दादा सगळं विसरायच्या आत मला ती जागा पाहिजे, त्यांच्या हातून राखण झाली पाहिजे."

एका दमात. सुरुवात आणि शेवट एकाच वेळी. स्वतःला काय हवंय हे तिने असं सरळ, पूर्ण सांगितलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं.

मग रविवारी ती दादांना ऑफिसात आणायला लागली. मीही यायचे. का यायचे, विचारू नका. घरी कपडे पडलेले असायचे. लूम चालू असले की दादांना बरं वाटायचं, नाहीतर म्हणायचे, "क सामसूम झाली गो." ते सांगायचे आणि ती काढायची. आमच्याच गोडाऊनच्या शेपांनी, जुन्याच लायब्ररीत; ती अजून चालत होती आणि एकाच्या पोटात एक तिथेच जमायचं. गोडाऊनच्या जागी खार, म्हणजे खाडीकाठची भातजमीन, गाळ्याच्या जागी शेत, रॅकच्या जागी बांध. गावदेवीपासून उगवतीला एवढी वाट, मग मोठी खार. खारीच्या आत चिंचेचं शेत. शेताच्या आत मधला बांध. आणि बांधाच्या टोकाला एक बारकासा गोल, तो राखणदाराचा दगड. दादा बोलताना डोळे मिटून हाताने हवेत चिखल सारायचे. पडद्यावर हिरवे चौकोन एकातून एक उघडत जायचे आणि मला, मला बरं का, वाटायचं की खाली टायरचं दुकान नसून पाणी आहे. वंदनाताई माउस सोडून बघत राहायची. कोण कुणाला उठवणार!

पुढे पुढे शेतांची नावं येईनाशी झाली. दादा यायचे, बसायचे, चहा प्यायचे आणि पडद्याकडे बघून म्हणायचे, "चांगला हाय. कुनाचा गाव?" आता दादांना जे ठाऊक होतं ते त्या चित्रातच उरलं होतं.

पण चित्र अधांतरी होतं. त्यातलं शेत आजच्या कुठल्या गोडाऊनखाली गेलं ते कळायला ते आकाशातून काढलेल्या फोटोवर नेऊन बसवायला हवं होतं, आणि फोटोवर शेप बसवणं फक्त नव्या लायब्ररीला जमायचं. तेव्हा दादांचं गाव आम्ही खोक्यांसारखंच उचलून नव्या घरी नेलं. पोरं कशी पोचवायची ते आता पाठ झालं होतं. वंदनाताईने फोटोवर गावदेवीचं देऊळ शोधलं, रस्त्याकडेचं, शेंदरी कळसाचं, आणि आपली 'गावदेवी' अलगद त्यावर ठेवली.

सगळं गाव उघडलं. खार, शेत, बांध. राखणदाराचा दगड हायवेच्या मधोमध आला. अगदी ट्रकांच्या रांगेत.

मी हिशेब तपासला, पुन्हा तपासला. एकही पोर चुकलेलं नव्हतं. मग मी माझ्या स्वभावाप्रमाणे सरळ बोलले, "ताई, आपलं बरोबर आहे. दादांचंच चुकलं असणार. विसरताहेत ते."

त्या दिवशी तिने कुठलंच वाक्य सुरू केलं नाही. संध्याकाळी चित्राचा कागद घेऊन घरी गेली. दादांनी तो उलटसुलट करून बघितला म्हणे आणि परत दिला. "ह्यो आपला गाव न्हाय."

पुढच्या रविवारी मी तिच्या घरी जेवायला गेले होते. तांदळाच्या भाकऱ्या चालल्या होत्या. दादा आंघोळ करून ओट्यावर आले, गोडाऊनांच्या पत्र्यांकडे तोंड करून उभे राहिले आणि त्यांनी हात जोडले. वंदनाताई पिठाच्या हातांनीच उठली, मनगटांनी त्यांचे खांदे धरून त्यांना हळूच रस्त्याकडे वळवलं. "दादा, देवी तिकरं हाय." दादांनी मुकाट्याने रस्त्याकडे हात जोडले. ती आत वळली तसे ते पुन्हा फिरले आणि पत्र्यांकडे बघत उभे राहिले.

"हे रोज असंच?" मी विचारलं.

"रोजच गं. दिशा विसरलेत, मी रोज..." आणि ती थांबली. मला वाटलं, झालं, आता हे वाक्य जेवताना. पण ती ओट्यावर परत गेली, दादा जिकडे बघत होते तिकडे बघत राहिली.

"शैला, देवी हलली होती."

रस्ता रुंद झाला तेव्हा देऊळ रस्त्याला लागून हवं म्हणून आतलं जुनं देऊळ काढलं होतं. देवी नव्या देवळात नेली ती वाजतगाजत, बेंजो लावून, अख्खं गाव नाचलं. वंदनाताईसुद्धा नाचली होती! पण देवी हलली असं तिच्या गावात कुणी म्हणत नाही. हलते ती माणसं. देवी पुढे आली एवढंच म्हणायचं, आणि त्या दिवसापासून देवी म्हटलं की नवं देऊळ. जुन्या जागेचं नाव काढायचं नाही. वर्षानुवर्षं नाव न काढता काढता गाव ती जागा खरंच विसरलं. दादा मात्र आजचं सगळं विसरत गेले आणि जुन्या देवीपाशी जाऊन पोचले.

"ते बरोबर होते गं," ती म्हणाली. पिठाचे हात तसेच अधांतरी. "मी रोज खांदे धरून त्यांना चुकीकडे वळवत होते." आणि ती रडायला लागली. दादांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, "क झाला, आक्का?" मी भाकरी उलटायला आत गेले. करपली होती.

सोमवारी आम्ही आधी जुना चौथरा शोधला. एका गोडाऊनच्या कुंपणभिंतीला लागून होता, त्यावर कुणीतरी ट्रकची जुनी टायरं रचलेली. वंदनाताईने फोटोवर नेमकी ती जागा धरली आणि तिथे एक रिकामी चौकट ठेवली. रेघ नाही, रंग नाही, पडद्यावर काही दिसायचंच नाही. नाव दिलं, 'जुनी गावदेवी'. आई-पोराचं नातं तिने एव्हाना नव्या लायब्ररीतही लिहून घेतलं होतं; मग दादांचं सगळं गाव तिने त्या चौकटीच्या पोटात घातलं आणि चौकट जागेवर सोडली. हायवेवरून शेतं निघाली. खार निघाली, तिच्या आतलं चिंचेचं शेत, त्याच्या आतला बांध, सगळी एकमेकांना धरून हळूहळू सरकत गोडाऊनांच्या पत्र्यांवर येऊन थांबली. कुंपणाच्या कोपऱ्याला बांधाचा कोपरा तंतोतंत लागला. जमीन विकली तरी कुंपण घालणाऱ्याने जुना बांधच धरला होता.

राखणदाराचा दगड आला एका गोडाऊनच्या आत, दोन रॅकांच्या मधल्या वाटेत. ते गोडाऊन आमच्याच गिऱ्हाइकाचं होतं. चित्रातले ते रॅक वंदनाताईनेच काढले होते.

दिनेशभाईंनी शब्द टाकला आणि आम्हाला आत जायची परवानगी मिळाली. तिथला सुपरवायझर उत्तर प्रदेशचा, भला माणूस. म्हणाला, "सब करो मॅडम, बस माचिस मत जलाना." दादांनी धोतर नेसलं होतं, हातात नारळ. वंदनाताईच्या पर्समध्ये जागा खूण केलेला कागद होता, तो तिने बाहेर काढलाच नाही. दादांचा हातही धरला नाही. त्यांना पुढे जाऊ दिलं आणि आम्ही मागे.

आत अर्धवट उजेड, दोन्ही बाजूंना छतापर्यंत खोके. दादा चालत राहिले. आमच्या खुणेची जागा आली आणि ते ती ओलांडून तसेच पुढे गेले. मी वंदनाताईला चिमटा काढला. तिने नुसती मान हलवली. दादा पार मागच्या शटरपर्यंत जाऊन थबकले आणि बावरून बघायला लागले.

"वारा कुनी बंद केला?"

सुपरवायझरला काय कळलं कोण जाणे, त्याने मागचं शटर वर ढकललं. खाडीचा वारा आत आला, खारट, चिखलाच्या वासाचा. खोक्यांवरचं प्लास्टिक फडफडलं. दादांनी वाऱ्याला गाल दिला, पाठ वळवली आणि वाऱ्याच्या पुढून पुढून, आता जराही न चाचपडता, परत आले. दोन रॅकांच्या मधल्या वाटेत थांबले. पायाने जमीन चाचपली. टोपी काढली.

तीच जागा होती हो. तीच.

त्यांनी नारळ फरशीवर आपटून फोडला, पाणी सिमेंटच्या भेगेत गेलं. दोन भकलं ठेवली, हात जोडले, पुटपुटले. मग मागे वळून म्हणाले, "वंदे, इकरं ये. पाया पर."

वंदनाताई हललीच नाही. कितीतरी महिन्यांनी ते नाव त्यांच्या तोंडात आलं होतं. "वंदे गो!" ते जरा रागाने म्हणाले, तशी ती धाडकन खाली वाकली आणि तिने कपाळ त्या फरशीला टेकवलं. उठेचना. सुपरवायझरने पण हात जोडले. "बाबा, हमारे माल का भी बोल दो."

"राखतो त्यो," दादा म्हणाले. "सगल्यांचाच राखतो."

घरी परतताना रिक्षात ती पुन्हा आक्का झाली होती. तिला त्याचं काही वाटलं नाही, ती वाऱ्यावर केस सोडून हसत होती. दादा पुढच्या पावसाळ्याच्या आधी गेले.

नवी लायब्ररी चालली, धंदा वाढला. एकदा दिनेशभाईंना चित्रात ती चौकट सापडली. "ये खाली डब्बा किसलिए? निकाल दूं?" वंदनाताई खिडकीतून वळली, "नको. सगळं गाव त्याच्या पोटात आहे." त्यांनी हात मागे घेतला.

मला ठाण्यात नोकरी लागली आणि भेटी सुटल्या. फोनवर ती अजूनही अर्धंच बोलायची. मग एकदा कामासाठी काल्हेरच्या रस्त्याने जात होते, ट्रकांत रिक्षा अडकली आणि समोर तेच गोडाऊन. शटरपाशी वंदनाताई. केस पिकलेले, हातात कापडी पिशवी, पिशवीत नारळ. रस्त्याकडेच्या देवळात आरती चालली होती, घंटा वाजत होती. वंदनाताईने चपला काढल्या, त्या घंटेकडे पाठ केली आणि टायरं रचलेल्या चौथऱ्याकडे तोंड करून हात जोडले. वॉचमनने काही न विचारता शटर कमरेपर्यंत उचललं. ती वाकून आत गेली.

मी हाक मारणार होते. पण शटरखालून तिचे अनवाणी पाय दिसत होते, न चाचपडता चालत जाणारे. चालत चालत ते दोन रॅकांच्या मधे गेले आणि थांबले. रिक्षा सुटली तेव्हाही ते तिथेच होते.